देणाऱ्याच्या मनात काय असते?

महाराष्ट्रातील कोणत्याही तीर्थक्षेत्री पाऊल ठेवणाऱ्या भाविकास देवाच्या आधी दर्शन होते ते नावांचे. पायरीवर नाव, कमानीवर नाव, सभामंडपातील पंख्याच्या पात्यांवर नाव, बाकाच्या पाठीवर नाव, घड्याळाच्या तबकडीखाली नाव. कोणाच्या कैलासवासी वडिलांच्या स्मरणार्थ, कोणाच्या मातोश्रींच्या पुण्यस्मरणार्थ, तर कोणाची नुसतीच 'सप्रेम भेट'. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील लहानमोठी देवस्थानेही यास अपवाद नाहीत. मात्र याच देवस्थानांच्या पावतीपुस्तकांत अधूनमधून एखादी पावती अशीही आढळते की, जिच्यावर देणाऱ्याच्या नावाच्या जागी 'गुप्तदान' एवढाच शब्द लिहिलेला असतो. देणारा समोर उभा राहून पैसे मोजून देतो आणि नाव विचारताच मान हलवून निघून जातो.

या दोन प्रकारच्या देणाऱ्यांकडे पाहून विचारी यात्रेकरूच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. पहिल्याने नावासाठी दिले, हे उघड आहे. परंतु दुसऱ्याने तरी निव्वळ देण्यासाठीच दिले, हे कशावरून? त्याला पुण्य हवे असेल. पूर्वी घडलेल्या एखाद्या गोष्टीचा भार त्याच्या मनावरून उतरावयाचा असेल. आणि यांपैकी काहीही नसले तरी, नाव न सांगता दिल्याचे जे एक गोड समाधान असते, ते तर त्याला खचितच मिळाले. मग निरपेक्ष असे जगात काही आहे काय? की दया, दान, सेवा ही सारी स्वार्थाचीच सोज्ज्वळ रूपे होत?

हा प्रश्न नास्तिकाचा आहे असे समजून तो झटकून टाकण्याची रीत आहे. ती योग्य नव्हे. ज्याने मनापासून काही दिले आहे, त्यालाच हा प्रश्न रात्री झोप येऊ देत नाही. ज्याने कधी काही दिलेच नाही, त्याला तो सुचण्याचे कारण नाही. शिवाय हा प्रश्न फार जुना असून आपल्याकडील थोर विचारवंतांनी त्यास बगल दिलेली नाही.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला 'गीतारहस्य' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील 'आधिभौतिक सुखवाद' या प्रकरणात त्यांनी इंग्रज तत्त्ववेत्ता हॉब्ज याचे मत विचारार्थ घेतले आहे. हॉब्ज हा सतराव्या शतकातील मोठा तर्ककठोर पुरुष. मनुष्याच्या प्रत्येक कृतीच्या मुळाशी स्वतःचे हितच असते, परोपकार म्हणजे दूरदर्शी स्वार्थ होय, अशी त्याची मांडणी. त्याच्याविषयी त्याचा चरित्रकार जॉन ऑब्रे याने एक आठवण नोंदवून ठेवली आहे. लंडनच्या रस्त्यात एक जर्जर म्हातारा भिकारी पाहून हॉब्जने त्याला पैसे दिले. जवळच असलेल्या एका धर्मोपदेशकाने विचारले की, ख्रिस्ताची आज्ञा नसती तर आपण हे दिले असते काय? त्यावर हॉब्जने होकार दिला आणि कारण सांगितले ते असे की, त्या वृद्धाचे हाल पाहून मला क्लेश होत होते. माझ्या पैशाने त्याचे दुःख हलके झाले तसे माझेही झाले. उत्तर प्रामाणिक आहे. भिक्षा देणाऱ्या बहुतेकांची मनःस्थिती याहून वेगळी नसते.

टिळकांचे मार्मिक निरीक्षण असे की, हॉब्जच्या कितीतरी आधी ही गोष्ट बृहदारण्यक उपनिषदात येऊन गेलेली आहे. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले, तेव्हा त्यांनी मैत्रेयीस समजावले की पती पत्नीला प्रिय वाटतो तो पतीसाठी नव्हे, पुत्र प्रिय वाटतो तो पुत्रासाठी नव्हे, धन, लोक, देव ही सर्वच प्रिय वाटतात ती आत्म्यासाठी. वरवर पाहता हे हॉब्जचेच बोलणे वाटेल. परंतु याज्ञवल्क्य तेथे थांबत नाहीत. ज्या आत्म्यासाठी हे सारे प्रिय, तो आत्मा कोणता, असे ते पुढे विचारतात, आणि तो साडेतीन हातांच्या देहापुरता नाही, असे उत्तर देतात. म्हणजे हॉब्जने 'स्व' हे माप ठरलेले धरून सर्व गोष्टी त्यात बसवल्या. उपनिषदाने ते मापच मोठे केले. मराठीत स्वार्थ, परार्थ आणि परमार्थ असे तीन शब्द एका ओळीत नांदतात, ते काही उगाच नव्हे.

तथापि उपनिषदाचे हे उत्तर सामान्य संसारी माणसाच्या हातात सहज येण्यासारखे नाही, हे मान्य केले पाहिजे. सर्वांभूती एकच आत्मा पाहणारा लाखांत एखादा. बाकीच्यांनी दिलेल्या दानाचे काय?

त्यासाठी दानशूरांचा मुकुटमणी मानलेल्या कर्णाकडेच पाहावे. कवचकुंडलांची कथा सर्वांना ठाऊक आहे. पण वनपर्वातील तिचा पूर्वभाग फारसा सांगितला जात नाही. इंद्र ब्राह्मणाच्या वेषाने येणार असल्याचे सूर्याने कर्णास स्वप्नात आधीच सांगितले होते आणि कवचकुंडले देऊ नकोस, असे बजावलेही होते. त्यावर कर्णाने जे कारण पुढे केले ते पुण्याचे नव्हे, करुणेचेही नव्हे. मला प्राणापेक्षा कीर्ती अधिक मोलाची वाटते, असे त्याने स्वच्छ सांगितले. पुढे सूर्याच्याच सल्ल्याने त्याने इंद्राकडून मोबदल्यात अमोघ शक्तीही मागून घेतली. म्हणजे ज्याच्या नावाने आपण दानाची शपथ घेतो, त्याच्या सर्वांत मोठ्या दानात कीर्तीची इच्छाही होती आणि देवघेवही होती. महाभारतकारांनी यांपैकी काहीच लपवून ठेवले नाही, आणि तरीही कर्णाला दानवीर म्हणावयास लोकमनाला अडचण वाटली नाही. का वाटली नाही? कारण अंगाचे कवच सोलून देताना झालेली वेदना खरी होती, आणि मृत्यूचा धोका तर सूर्याने आधीच पुढ्यात मांडला होता. हेतूत भेसळ असली म्हणजे कृती खोटी ठरत नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, तेथेही परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने दिलेल्या दानास राजस म्हटले आहे. त्यास दानच नव्हे असे म्हटलेले नाही. ज्याच्याकडून काहीच परत येणार नाही अशास, केवळ देणे योग्य म्हणून दिलेले, ते सात्त्विक. आणि अवेळी, अपात्री, अपमान करून दिलेले, ते तामस. या शेवटच्या प्रकाराकडे आपले लक्ष फार कमी जाते.

आता ग्रंथांतून उठून आपल्याच मातीकडे यावे. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपतींचे विसर्जन आटोपून लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील गावे उशिरा झोपी गेली. पहाटे चार वाजावयास चार मिनिटे असताना किल्लारी परिसरात जमीन हादरली. दगड आणि मातीच्या जाड भिंती, वर मातीने भरलेली जड माळवदे. उन्हाळ्यात गारवा देणारी ही घरे त्या पहाटे घरातल्यांवरच कोसळली. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. किल्लारी, सास्तूर ही नावे त्या एका सकाळी देशभर पोहोचली.

त्यानंतर जे घडले ते या प्रश्नाच्या दृष्टीने फार बोलके आहे. मदत चारी दिशांनी आली. जवान आले, डॉक्टर आले, महाविद्यालयांतील तरुण आले. सत्ताधारी आले, त्यांच्यासोबत छायाचित्रकारही आले. मदतीच्या गाड्यांवर देणाऱ्या संस्थांची कापडी फलके होती. त्या वेळी कोणी संशयी मनुष्य रस्त्याच्या कडेला उभा राहिला असता, तर त्याला प्रत्येक गाडीमागे एकेक स्वार्थ दाखवता आला असता. हा निवडणुकीसाठी आला, हा संस्थेच्या प्रसिद्धीसाठी, हा पुण्यासाठी, आणि हा घरी स्वस्थ बसवेना म्हणून. यातील बरेच खरेही ठरले असते.

परंतु त्या संशयी माणसाला तेथे दहा दिवस उभे करून भागत नाही. दहा वर्षे उभे करावयास हवे. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. वर्तमानपत्रातील छायाचित्र एका दिवसाचे असते. बाराशे मुलांना रोज दोन वेळा जेवू घालणे, त्यांचे ताप-खोकले पाहणे, रात्री दचकून उठणाऱ्या पोराला पुन्हा झोपवणे, दहावीच्या परीक्षेला बसवणे, हे वर्षानुवर्षांचे काम आहे, आणि त्यातील बहुतेक काम कोणीही पाहत नसताना करावयाचे असते. कीर्तीच हवी असणाऱ्यास याहून कितीतरी स्वस्त मार्ग उपलब्ध असतात. स्वार्थी माणूस मूर्ख नसतो. एवढा महाग सौदा तो करीत नाही.

लातूर शहरातील विवेकानंद रुग्णालयाचेही तसेच. १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुरू केले, तेव्हा लातूर हे जिल्ह्याचे ठिकाणही नव्हते. लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. शिकलेल्या डॉक्टरने मोठ्या शहरात दवाखाना थाटावा, अशी तेव्हाची रीत होती, आणि आजही आहे. डॉ. कुकडे यांना पद्मभूषण मिळाले ते २०१९ मध्ये, म्हणजे त्रेपन्न वर्षांनी. मान मिळाला हे खरे. पण जे फळ अर्ध्या शतकानंतर लागले आणि लागेलच याची खात्री कोणालाही नव्हती, त्याला त्या झाडाचे बी म्हणणे तर्काला धरून नाही. नंतर मिळालेली गोष्ट आणि तिच्यासाठी म्हणून केलेली गोष्ट, यांत गल्लत करणे ही या सर्व वादातील मोठी चूक आहे.

येथे संशयवादी आपले शेवटचे शस्त्र काढतो. मान नको, धन नको, पुण्य नको, हे क्षणभर मान्य. पण मनाचे समाधान तर मिळते ना? मग ते समाधानच हेतू, आणि समाधान ज्याचे त्याचे, म्हणून स्वार्थ. या युक्तिवादातून सुटका नाही असे पुष्कळांना वाटते. वास्तविक त्याचे उत्तर इंग्लंडमधील जोसेफ बटलर या धर्मोपदेशकाने १७२६ सालीच देऊन ठेवले आहे, आणि टिळकांनीही हॉब्जच्या खंडनासाठी त्याची आठवण केली आहे. ते उत्तर घरगुती उदाहरणाने सांगता येते. दुपारी भुकेने कळवळून आलेले लेकरू भाकरी खाऊ लागते आणि आईला बरे वाटते. शेजारच्या ओट्यावर बसलेल्या, त्या लेकराशी काही देणेघेणे नसलेल्या माणसाला तेवढे बरे वाटत नाही. असे का? भाकरी तीच, लेकरू तेच. फरक एवढाच की, लेकराचे पोट भरावे ही इच्छा आईच्या मनात आधीपासून होती. ती पुरी झाली म्हणून समाधान आले. इच्छा आधी, समाधान मागून. ज्याला दुसऱ्याच्या भल्याची ओढच नाही, त्याला दुसऱ्याचे भले झाल्याने सुख होणार नाही. म्हणजे ज्या समाधानाकडे बोट दाखवून संशयवादी स्वार्थ सिद्ध करू पाहतो, तेच समाधान त्या माणसाला दुसऱ्याची खरी काळजी होती, याचा पुरावा ठरते.

याची परीक्षा आणखी एका तऱ्हेने घेता येते. समजा, एखाद्या दूरच्या शहरातील गृहस्थाने भूकंपानंतर एका कुटुंबासाठी पैसे पाठवले आणि त्याला, ते पोहोचले, कुटुंब सुखात आहे, असे खोटेच कळवण्यात आले. त्याला समाधान मिळाले. पुढे कळले की पैसे मधल्यामध्ये कोणी गिळले, आणि ते कुटुंब उघड्यावरच राहिले. तो काय म्हणेल? 'माझे समाधान तर झाले होते, आता काय बिघडले', असे तो म्हणणार नाही. तो संतापेल, आणि पैसे असल्यास पुन्हा पाठवील. त्याला समाधान नको होते. छप्पर हवे होते, त्या कुटुंबाच्या डोक्यावर. जो माणूस खरोखर केवळ समाधानासाठी देतो, त्याला ही बातमी कळली नाही तरच बरे वाटेल. असेही लोक असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. दान दिल्यावर त्याचे पुढे काय झाले याची चौकशी कधीच न करणारे सगळेच काही विरक्त नसतात.

स्वतःच्या हेतूविषयी सर्वांत परखड बोलणारा महाराष्ट्रातील पुरुष कोणता, असे विचारले तर बाबा आमटे यांचे नाव घ्यावे लागेल. पावसात गटाराशेजारी पडलेला, बोटे झडलेला, अंगात किडे पडलेला एक कुष्ठरोगी पाहून ते प्रथम पळाले होते, हे त्यांनीच जगाला सांगितले. तुळशीराम हे त्या रोग्याचे नाव. कधीही न भिणारा आपण भ्यालो, हे त्यांना सहन झाले नाही. ते परत गेले, त्याची शुश्रूषा केली, आणि पुढे वरोड्याजवळच्या ओसाड जमिनीवर आनंदवन उभे राहिले. हे काम आपण कोणाला मदत करण्यासाठी नव्हे, तर स्वतःच्या मनातील भीतीवर मात करण्यासाठी हाती घेतले आणि त्यातून इतरांचे भले झाले ते ओघाने, अशा अर्थाचे ते सांगत असत. संशयवाद्यास याहून मोठी कबुली कोठे मिळणार? पण ही कबुली नीट ऐकली पाहिजे. भीतीवर मात करण्यास एक रात्र पुरली असती. त्यानंतरची पन्नासहून अधिक वर्षे भीतीच्या खात्यावर मांडता येत नाहीत. माणूस एका कारणाने आत शिरतो आणि दुसऱ्याच कारणाने तेथे राहतो. समोरचा माणूस एकदा नावाने ओळखीचा झाला की मूळ कारण मागे पडते. आरंभी कशासाठी आलास, या प्रश्नाला म्हणूनच फार महत्त्व देऊ नये.

नांदेडमध्ये याचे दर्शन रोज घडते. दशमेश गुरू गोविंदसिंहजी १७०८ साली येथेच ज्योतीत विलीन झाले. तेथील तख्त सचखंड श्री हजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. तेथील लंगरात जात, धर्म, गाव न विचारता जेवण मिळते, हे गोदावरीकाठच्या प्रत्येक यात्रेकरूस ठाऊक आहे. त्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे ती वाढणाऱ्यांची. मोटारीतून आलेला व्यापारी चपला सांभाळण्याच्या जागी बसून अनोळखी लोकांच्या पादत्राणांवरची धूळ पुसतो. सुखवस्तू घरातल्या स्त्रिया पोळ्या लाटतात, भांडी घासतात. त्यांच्यापैकी एखाद्याने मुलाच्या नोकरीसाठी बोललेले असेल, एखाद्याला घरातील कलहातून दोन दिवस सुटका हवी असेल. तेथे कोणी ते विचारीत नाही. आज वाढणारा उद्या त्याच पंगतीत जमिनीवर बसून जेवतो, आणि जेवणारा उठून वाढावयास लागतो. घेणारा कोण आणि देणारा कोण, याचा हिशेब लागेनासा होतो. अहंकाराला उभे राहावयास जागाच न ठेवणारी ही व्यवस्था आहे. मनुष्याच्या मनाचे शुद्धीकरण आधी आणि सेवा मागून, असा क्रम धरला असता तर जगात आजवर एकही पंगत उठली नसती.

मराठवाड्यातून आषाढीला पंढरपूरकडे निघणाऱ्या दिंड्यांना वाटेवरची गावे जेवू घालतात, तेथेही हेच पाहावयास मिळते. ज्याच्या शेतात अजून पेरणी व्हावयाची आहे, घरात जेमतेम धान्य आहे, असा शेतकरीही पिठले-भाकरीची एक टोपली पुढे करतो. पुण्याची आशा त्याच्या मनात असते, असावी. नवसाची गोष्ट मात्र थोडी निराळी. नवस हा उघड व्यवहार आहे, काम झाले तर इतके देईन असा, आणि त्यास कोणी परोपकार म्हणत नाही. नवस फेडणारा तरी प्रामाणिक असतो. तो आपल्या देण्यास मोठे नाव देत नाही.

एवढे झाल्यावर संशयवाद्याचे जेथे खरे आहे, तेथे ते मोकळेपणी मान्य करावे. देण्यात समाधान आहे की नाही, नाव आहे की नाही, याने दानाचा कस लागत नाही. देणाऱ्याची नजर कोठे आहे, याने लागतो. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग पडून राहिले. फाटके सदरे, बिनगुंड्यांचे कोट, कोळी स्त्रियांनी कधीही न वापरलेले पोशाख. ज्यांचे सर्वस्व गेले होते त्या माणसांनी त्यांना हात लावला नाही. पाठवणाऱ्यांची कपाटे रिकामी झाली आणि मनेही हलकी झाली. गीतेने ज्यास अवमानपूर्वक दिलेले दान म्हटले, ते हेच नव्हे काय? शिवी न देताही अपमान करता येतो. समोरच्याला काय हवे आहे हे न विचारणे, हा त्याचा सर्वांत सोपा प्रकार.

किल्लारी भागातही हा धडा मिळाला. पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांचे पुनर्वसन नव्या जागी करण्यात आले, आणि त्यात शासनाबरोबर अनेक देणगीदार संस्थांनी घरे बांधून दिली. हेतू चांगला होता. पण काही ठिकाणी नकाशा शहराचा होता. सरळ रेषेतील रुंद रस्ते, एकसारखी घरे. बैल कोठे बांधावा, कडबा कोठे रचावा, नांगर-वखर कोठे ठेवावे, शेत किती लांब पडेल, हे कागदावर नीट उतरले नव्हते. याउलट ज्या गावांतील घरे पडली नव्हती, नुसती भेगाळली होती, तेथे दुरुस्तीचे काम घरमालकांनी स्वतः करून घेतले आणि गावातील स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. कुटुंबाचे म्हणणे अधिकाऱ्यांपर्यंत आणि अधिकाऱ्यांचे म्हणणे कुटुंबापर्यंत नेणे, हे त्यांचे काम. ज्या बायका तोवर उंबऱ्याबाहेर बोलत नव्हत्या, त्या अभियंत्याला भिंतीत सळई कोठे हवी ते विचारू लागल्या. येथे घेणाऱ्यालाही तोंड होते. दान देणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे न वळता घेणाऱ्याच्या गरजेप्रमाणे वळले, आणि असे वळणे ज्याला जमते त्याच्या मनातील स्वार्थ शोधत बसण्याचे प्रयोजन उरत नाही.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरावर पाण्याचे महासंकट कोसळले होते. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 'जलदूत' असे तिचे नाव. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. त्या गाडीवरही श्रेयाचे फलक लागल्याची चर्चा तेव्हा वर्तमानपत्रांतून झाली. फलक कोणाचा, यावरून भांडणारे भांडले. टँकरपुढे घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायांनी तो वाचला नाही. त्यांना आपला नंबर केव्हा येतो, याची चिंता होती. घेणारा हा देणाऱ्याच्या हेतूचा विचार करण्याइतका क्वचितच रिकामा असतो. तो विचार बहुधा आपण, बाजूला उभे असलेले, करीत असतो.

गुप्तदान करणाऱ्यासही यातून सूट नाही. नाव न सांगण्याचाही अभिमान होतो, आणि पाटीवरच्या नावापेक्षा तो अधिक खोल रुतून बसतो, कारण त्याला हसणारे कोणी नसते. उलट बापाचे नाव पायरीवर कोरून घेणारा एखादा मुलगा दरवर्षी येऊन ती पायरी स्वतः धुतो. बापाला शेवटच्या दुखण्यात वेळेवर दवाखान्यात नेता आले नाही, हे शल्य त्या धुण्यात असेल. त्यास प्रसिद्धीचा हव्यास म्हणणे निर्दयपणाचे होईल.

मराठवाड्यात चैत्र लागला की रस्तोरस्ती पाणपोया बसतात. चार बांबू, वर तुराट्यांचे किंवा पाचटाचे छप्पर, खाली ओल्या पोत्यात गुंडाळलेले दोन रांजण आणि पुढे कोणाच्या तरी स्मरणार्थ अशी पाटी. गुढीपाडव्याला नारळ फोडून उद्घाटन होते, हार होतात. वैशाख अर्धा सरेपर्यंत त्यांतील कित्येक रांजण कोरडे पडतात. पाटी तेवढी उरते. काही पाणपोया मात्र मृगाचा पाऊस पडेपर्यंत चालतात. तेथे कोणी तरी पहाटे येऊन रांजण आतून घासतो, पाणी गाळून ओततो, पोते भिजवतो, साखळीला बांधलेला पेला धुऊन पालथा घालतो आणि ऊन तापण्यापूर्वी निघून जातो. पाटीवर नाव बहुधा दुसऱ्याचेच असते. दुपारी दोनच्या सुमारास एसटीतून उतरलेला यात्रेकरू झाकण उचलून आत पाहतो, पेला बुडवतो, पितो, तोंडावर पाणी मारतो आणि पुन्हा गाडीत जाऊन बसतो.